जुनी पद्मिनी आणि वैशाखाचे ऊन

[जुन्या, नावाजलेल्या लहान मोटारगाड्या आजही काही घरांत रोजच्या वापरात आहेत. कडक उन्हाळ्यात या गाड्या का तापतात, त्या वेळी काय करावे आणि काय करू नये, हे या पाठात सांगितले आहे. उष्णतेचे जे नियम आपण विज्ञानाच्या तासाला शिकतो, तेच रस्त्यावर कसे दिसतात, हेही या पाठावरून कळेल.]



मध्य रेल्वेने कल्याणहून कसाऱ्याकडे निघालात, की पहिले स्टेशन लागते ते शहाड. कल्याणहून मुरबाडकडे जाणारा रस्ता येथूनच जातो. रेल्वेच्या रुळांवरून जाणाऱ्या उड्डाणपुलावर वाहनांची नेहमीच गर्दी असते. ट्रक, एस.टी. बस, रिक्षा आणि मोटारी एकमेकींच्या मागे मुंगीच्या पावलांनी सरकत असतात. मे महिन्यातील दुपार, वर तळपणारे ऊन, खाली तापलेले डांबर! अशा वेळी एखादी जुनी मोटार रस्त्याच्या कडेला उभी दिसते. तिचे बॉनेट उघडलेले असते आणि आतून वाफ निघत असते. चालक घाईघाईने हातात फडके घेतो आणि रेडिएटरचे झाकण फिरवू लागतो.

त्याच क्षणी त्याला कोणीतरी "थांबा!" म्हटले पाहिजे. नाहीतर त्याचा हात आणि चेहरा भाजू शकतो. असे का होते? ते समजण्यासाठी आधी या गाडीची ओळख करून घेऊ या.

महाराष्ट्रात जुनी लहान मोटार म्हटली, की पहिल्यांदा आठवते ती फियाट, म्हणजेच प्रीमियर पद्मिनी. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी आगबोटी आणि विमाने यांच्या उद्योगाचा भारतात पाया घातला. मोटारीही आपल्याच देशात तयार व्हाव्यात, या इच्छेने त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. पुढे इटलीतील तुरीन शहराच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि कुर्ल्यात फियाट गाड्या तयार होऊ लागल्या. १९७४ पासून ही गाडी 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली जाऊ लागली. चितोडच्या राणी पद्मिनीवरून हे नाव ठेवले होते. विसावे शतक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. या कंपनीचा एक कारखाना आपल्या कल्याण परिसरातही होता. १९९० च्या दशकात तेथे प्यूजो ३०९ ही मोटार तयार होत असे.

पद्मिनी ही चार मीटरपेक्षा थोडी कमी लांबीची, चार दारांची गाडी. इंजिन १०८९ सी.सी.चे, शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला असे, म्हणून लोक त्याला 'हँड गिअर' म्हणत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी अनेक वर्षे याच गाडीच्या होत्या. उन्हातान्हात दिवसभर धावणाऱ्या या टॅक्सींवर हजारो कुटुंबांचे पोट चालत असे. अर्थात, ही गाडी उन्हाळ्यात रोज चालू शकते, हे त्या टॅक्सीचालकांनी दाखवून दिले आहे. पण त्यासाठी गाडीचा स्वभाव ओळखावा लागतो.

मोटारीच्या इंजिनात पेट्रोल जळते. त्यातून मिळणारी सगळी ऊर्जा गाडी पुढे नेण्याच्या कामी येते, असे तुम्हांला वाटेल. पण तसे नाही. ढोबळ हिशेब सांगायचा, तर रुपयातले चार आणे गाडी चालवण्यात खर्च होतात आणि बारा आणे उष्णता होऊन निघून जातात. काही उष्णता धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर पडते. उरलेली उष्णता इंजिनातच साठून राहिली, तर आतले भाग तापून फुगतील आणि इंजिन जाम होईल. म्हणून उष्णतेला बाहेर पडायला वाट करून द्यावी लागते.

ही वाट पाणी करून देते. इंजिनाच्या भोवती पाण्यासाठी पोकळ जागा ठेवलेल्या असतात. वॉटर पंप हे पाणी फिरवत ठेवतो. पाणी इंजिनाची उष्णता घेते आणि रबरी नळीतून पुढच्या बाजूच्या रेडिएटरमध्ये येते. रेडिएटरमध्ये बारीक नळ्या आणि पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात. त्यांच्यामधून वारा वाहतो, पाणी निवते आणि पुन्हा इंजिनाकडे जाते. रेडिएटरच्या मागे एक पंखा असतो. तो वारा ओढून घेतो.

आता एक साधे गणित करू या. रेडिएटरमधले पाणी ८५ अंश सेल्सिअस आहे, असे समजा. हिवाळ्याच्या सकाळी बाहेरची हवा २० अंश असेल, तर दोघांमध्ये ६५ अंशांचा फरक पडतो. मे महिन्यात हवा ४० अंश असेल, तर फरक उरतो फक्त ४५ अंशांचा. फरक जितका जास्त, तितकी उष्णता लवकर बाहेर पडते. म्हणजे त्याच रेडिएटरचे काम मे महिन्यात जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी होते. गाडी तीच, चालक तोच. पण उन्हाळ्यात तिच्याजवळ शिल्लक फार थोडी उरते. रेडिएटरमध्ये थोडा कचरा असला, तर हिवाळ्यात खपून जातो. उन्हाळ्यात मात्र तेवढ्यानेही गाडी तापते.

मग गाडी धावताना न तापता पुलावरच्या गर्दीत का तापते? गाडी वेगात असते, तेव्हा समोरून भरपूर वारा मिळतो. गर्दीत तो बंद होतो. सारी भिस्त पंख्यावर येते. पद्मिनीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर, म्हणजे फॅन बेल्टवर फिरतो. गाडी उभी असताना इंजिन हळू चालते, त्यामुळे पंखाही हळू फिरतो. ज्या वेळी वाऱ्याची सर्वांत जास्त गरज असते, त्याच वेळी पंखा मंदावतो! नंतरच्या काळातील गाड्यांमध्ये विजेवर चालणारा पंखा आला. पाणी तापले, की तो आपोआप पूर्ण वेगाने सुरू होतो. त्यामुळे नव्या गाड्यांना गर्दीचा त्रास कमी होतो.

घाटातही असेच होते. मुरबाडच्या पुढे माळशेज घाट आहे, शहापूरच्या पुढे कसारा घाट आहे. चढावर इंजिनाला जास्त पेट्रोल जाळावे लागते आणि गाडीचा वेग मात्र कमी असतो. उष्णता जास्त आणि वारा कमी. म्हणून उन्हाळ्यात जुनी गाडी घेऊन घाट चढायचा असेल, तर पहाटे निघावे आणि वरच्या गिअरमध्ये इंजिनाला रेटू नये. खालचा गिअर घातला, की इंजिन मोकळेपणाने फिरते. त्याबरोबर पंखा आणि वॉटर पंपही जोरात फिरतात.

आता झाकणाकडे वळू या. उघड्या भांड्यातील पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, हे तुम्हांला माहीत आहे. भांडे घट्ट बंद केले, की आतला दाब वाढतो आणि पाणी १०० अंशांच्या पुढे गेले तरी उकळत नाही. घरातला प्रेशर कुकर याच नियमावर चालतो. रेडिएटरचे झाकणही आत दाब धरून ठेवते. त्यामुळे पाणी लवकर उकळत नाही आणि गाडी अधिक उष्णता सहन करू शकते.

पण हेच झाकण गरम असताना उघडले तर? दाब एकदम नाहीसा होतो. १०० अंशांपेक्षा जास्त तापलेले पाणी क्षणात उकळून वाफ होते. पाण्याची वाफ झाली, की ती सोळाशे-सतराशे पट जागा व्यापते. एवढी वाफ उकळते पाणी सोबत घेऊन कारंज्यासारखी वर उसळते. समोर असतो तो माणसाचा हात आणि चेहरा. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेने जास्त भाजते. कारण १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना तिच्यात सुमारे ५४० कॅलरी उष्णता साठलेली असते आणि कातडीला लागताच ती बाहेर पडते. हातातले फडके या वाफेला अडवू शकत नाही. म्हणून पहिला नियम पाठ करा: इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. घाई कितीही असो, उशीर कितीही होवो!

तापमापकाचा काटा वर चढू लागला, तर चालकाने काय करावे? गाडी सुरक्षितपणे रस्त्याच्या डाव्या कडेला घ्यावी. वाफ निघत नसेल आणि पंखा चालू असेल, तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर हलकेच दाबावा. पंखा जोरात फिरतो आणि कधी कधी तेवढ्यानेच काटा खाली येतो. वाफ निघत असेल किंवा पट्टा तुटला असेल, तर मात्र इंजिन ताबडतोब बंद करावे. बॉनेट सांभाळून उघडावे, सर्वांनी गाडीतून उतरून सावलीत उभे राहावे आणि निदान अर्धा तास वाट पाहावी. रेडिएटरला हात लावता येईल इतका तो निवला, की झाकणावर जाड कापड ठेवून ते थोडेसे फिरवावे. उरलेला दाब निघून जाऊ द्यावा, मग झाकण काढावे.

येथे दुसरी चूक घडते. लोक बाटलीतले थंडगार पाणी तापलेल्या इंजिनात एकदम ओततात. पद्मिनीच्या इंजिनाचा खालचा ठोकळा ओतीव लोखंडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे असते. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. एकदम थंड पाणी पडले, की हे भाग कमी-जास्त आकसतात. हेड वाकडे होते किंवा तडकते, मधले गॅस्केट निकामी होते आणि हजारो रुपयांचा खर्च उभा राहतो. म्हणून इंजिन निवल्यावर, ते चालू करून, पाणी हळूहळू घालावे.

कधी कधी काटा ठीक असतो, वाफही नसते, तरीही गाडी बंद पडते. दहा मिनिटे दुकानात जाऊन आलात, की ती सुरूच होत नाही. हा प्रकार पाण्याचा नसून पेट्रोलचा आहे. पद्मिनीचा पेट्रोल खेचणारा पंप इंजिनाला लागूनच बसवलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला 'ए.सी. पंप' म्हणतात, थंड हवेच्या ए.सी.शी त्याचा काही संबंध नाही. इंजिन बंद केले, की पाणी फिरायचे थांबते, पंखाही थांबतो आणि बॉनेटखालची हवा आणखी तापते. पेट्रोलमधील हलके भाग ३५-४० अंशांपासूनच उकळू लागतात. नळीत पेट्रोलच्या वाफेचे बुडबुडे होतात. पंप द्रव खेचू शकतो. पण वाफ हाती लागली, की तो नुसताच हलत राहतो. कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोचत नाही. याला 'व्हेपर लॉक' म्हणतात.

यावर जुन्या चालकांचा उपाय फार साधा आहे. ते बॉनेट उघडतात आणि पंपावर व नळीवर ओले, पिळलेले फडके ठेवतात. दहा-पंधरा मिनिटांत गाडी सुरू होते. हे कसे घडते? तुमच्या घरी उन्हाळ्यात मातीची सुरई असेल; उर्दूत आपण तिला सुराही म्हणतो. सुरईच्या अंगातून पाणी झिरपते आणि त्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून पाणी गार होते. फडक्यातले पाणीही असेच पंपाची उष्णता घेऊन उडून जाते. पेट्रोलची वाफ पुन्हा द्रव होते. सुरईचे विज्ञान मोटारीच्या कामी येते! मात्र पाण्याचे थेंब स्पार्क प्लगच्या तारांवर पडू देऊ नयेत आणि फडके तापलेल्या सायलेन्सरच्या नळीला लागू देऊ नये.

पेट्रोलच्या नळीविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. पद्मिनी तयार झाली, तेव्हा असे पेट्रोल नव्हते. तिच्या जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने लवकर खराब होतात. उन्हाने कडक झालेली नळी चिरली आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकले, तर गाडी पेट घेऊ शकते. म्हणून या नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या नव्या रबराच्या घालून घ्याव्यात. गाडीत पेट्रोलचा वास आला, तर तो दुर्लक्ष करण्याजोगा नसतो.

हे सारे टाळायचे असेल, तर रोज सकाळची पाच मिनिटे पुरतात. इंजिन थंड असताना रेडिएटरचे पाणी पाहावे. पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. तो सैल असेल, तर पंखा आणि पंप दोन्ही मंदावतात. रबरी नळ्या कोठे फुगल्या किंवा चिरल्या आहेत काय, ते पाहावे. ऑइलची पातळी तपासावी. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नये. त्यातील क्षार बारीक नळ्यांत साचतात आणि वाट बंद करतात. शुद्ध पाण्यात कूलंट मिसळून घातले, तर पाणी उशिरा उकळते आणि आत गंजही चढत नाही. बॅटरीतले पाणीही उन्हाळ्यात लवकर उडते, तेही पाहावे. टायरमधील हवा टायर थंड असतानाच तपासावी.

गाडीची काळजी घेताना आत बसणाऱ्यांना विसरून चालणार नाही. बहुतेक पद्मिनी गाड्यांना वातानुकूलन नव्हते. पुढच्या दारांना एक लहान तिकोनी काच असे. ती फिरवली, की वारा थेट अंगावर येई. उभ्या गाडीत मात्र वारा नसतो. काचेतून ऊन आत येते, आतल्या वस्तू तापवते आणि ती उष्णता बाहेर पडू शकत नाही. काचा बंद असल्या, तर पहिल्या दहा मिनिटांतच आतले तापमान सुमारे १० अंशांनी वाढू शकते. लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते. म्हणून "दोन मिनिटांत येतो" असे म्हणून लहान भावंडाला गाडीत ठेवून कधीही जाऊ नका. वाड्यात किंवा गल्लीत उभ्या असलेल्या जुन्या गाडीत लपंडाव खेळू नका. आत अडकलेले मूल दिसले, तर लगेच मोठ्या माणसांना हाक मारा.

अशी गाडी रोज वापरावी का, हा प्रश्न उरतोच. तिचे दोषही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. तिचा धूर नव्या गाड्यांपेक्षा अधिक प्रदूषण करतो. अपघातात जीव वाचवणाऱ्या नव्या सोयी तिच्यात नाहीत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आर.टी.ओ.त तपासणी करून दर पाच वर्षांनी ती पुन्हा करून घ्यावी लागते, पर्यावरणासाठी कर भरावा लागतो आणि धुराचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे लागते. टॅक्सींसाठी मुंबईत २० वर्षांची मर्यादा होती. त्यामुळे २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. तेव्हा अनेक मुंबईकर हळहळले. आता ही गाडी उरली आहे ती काही घरांतून, हौसेने आणि मायेने जपलेली. जवळच्या अंतरासाठी, सकाळ-संध्याकाळच्या वेळी आणि नीट देखभाल करून ती वापरली, तर उन्हाळ्यातही ती साथ देते.

मित्रांनो, यंत्र जुने झाले म्हणून लगेच दगा देत नाही. त्याच्या उष्णतेची वाट बंद झाली, की ते दगा देते. ती वाट रोज पाहणे, काट्याकडे लक्ष ठेवणे आणि काटा वर गेला, की घाई सोडून थांबणे, एवढेच चालकाच्या हाती असते. तुमच्या घरी मोटार असो वा नसो, उद्या रस्त्यात कोणी वाफाळलेल्या गाडीच्या झाकणाला हात घालताना दिसला, तर त्याला नम्रपणे सांगा, "काका, थोडे थांबा. आधी गाडी निवू द्या." तुमच्या या एका वाक्याने एखाद्याचे डोळे वाचतील.

शब्दार्थ

नावाजलेली – प्रसिद्ध, मशहूर
भिस्त – भरवसा, मदार
निवणे – थंड होणे
प्रसरण पावणे – उष्णतेने आकार वाढणे, फुगणे
आकसणे – लहान होणे, आत ओढले जाणे
झिरपणे – बारीक छिद्रांतून हळूहळू बाहेर येणे
क्षार – पाण्यात विरघळलेले मिठासारखे पदार्थ
देखभाल – काळजी, निगा
दगा देणे – ऐन वेळी धोका देणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी कोणी व केव्हा काढली?
(आ) पद्मिनीचा पंखा कशाच्या साहाय्याने फिरतो?
(इ) रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी का घालू नये?

२. कारणे लिहा.
(अ) गर्दीत उभी असलेली जुनी गाडी लवकर तापते.
(आ) तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये.
(इ) वाफेने उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजते.

३. सुरईतील पाणी गार होणे आणि पंपावरचे ओले फडके यांतील साम्य चार-पाच वाक्यांत लिहा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
पोट चालणे, मुंगीच्या पावलांनी सरकणे, साथ देणे.

५. उपक्रम – आपल्या परिसरातील गॅरेजला भेट द्या. उन्हाळ्यात कोणत्या तक्रारी घेऊन लोक गाड्या आणतात, ते तेथील मिस्त्रींना विचारा आणि मराठीत दहा ओळी लिहून वर्गात वाचून दाखवा.